पंधरा मिलिमीटर: एका जुन्या ९११ च्या मागच्या चाकांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९८२ ची पोर्शे ९११ एससी. हवेवर थंड होणारं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २०४ अश्वशक्ती, वजन ११६० किलोच्या आसपास. मालक मूळचे कोल्हापूरचे, आता बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहतात. वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना दादाच म्हणतो. या लिखाणातही तेच नाव ठेवतो. गाडी फक्त उन्हाळ्यात बाहेर निघते. जर्मनीत तीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळतं, ते या गाडीला आहे. पुढे हे अक्षर महत्त्वाचं ठरलं.

चाकं फुक्सची. माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्यात घडवलेली ही पाच पाकळ्यांची चाकं १९६७ सालच्या मॉडेलच्या ९११ एस वर पहिल्यांदा आली, तेव्हा ती जेमतेम साडेचार इंच रुंद होती. दादांच्या गाडीवर पुढे १६ इंची, ६ इंच रुंद आणि मागे १६ इंची, ७ इंच रुंद अशी जोडी आहे. टायर पुढे २०५/५५, मागे २२५/५०.

मी यंत्र अभियंता आहे, गाड्यांचा मेकॅनिक नाही. या प्रकरणात माझं काम मोजायचं आणि हिशोब मांडायचं. पाना तिसऱ्याच माणसाच्या हातात होता. गावाबाहेर छोटं गॅरेज चालवणारा, सत्तरीकडे झुकलेला एक जर्मन गृहस्थ. दादा त्याला पाठीमागे 'मेस्त्री' म्हणतात. मीही तेच वापरतो.

अडचण कशी सुरू झाली

एससीचे मागचे मडगार्ड चांगले फुगवलेले आहेत, पण ७ इंची चाक त्या फुगवट्याच्या बरंच आत बसतं. बहुतेक मालकांना ते खुपतं. दादांच्या शब्दांत, "मागनं बघितलं की गाडी उपाशी दिसतीया."

एप्रिलमध्ये त्यांनी एका विक्रेत्याकडून हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसून चाक बाहेर सरकवणाऱ्या, १५ मिलिमीटर जाडीच्या दोन ॲल्युमिनियम चकत्या (स्पेसर) मागवल्या आणि एका शनिवारी स्वतःच्या अंगणात बसवल्या. गाडी छान दिसू लागली. रविवारी साठेक किलोमीटर फिरून आल्यावर त्यांचा फोन आला. ताशी ११० च्या पुढे गेलं की सीटखाली थरथर जाणवते, चाक बॅलन्स करून घेऊ का, असं विचारत होते.

मी जाऊन पाहिलं. आधी एक नट हाताने सोडवला आणि फेरे मोजले. पाच. पाचव्या फेऱ्याला नट हातात आला.

इथे थोडा हिशोब देतो, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. या गाडीचे स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले आणि ज्यांवर नट बसतो ते आटेदार दांडे, १४ मिलिमीटरचे आहेत आणि आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर. म्हणजे नटाचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर पकड. चकती नसताना नट पंधरा फेरे बसत होता. १५ मिलिमीटरच्या चकतीने त्यातले दहा फेरे खाल्ले. जर्मनीत या मापाच्या स्टडसाठी निदान साडेसात फेरे लागतात असा दंडक आहे. दादा पाच फेऱ्यांवर महामार्गाला जाऊन आले होते.

त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घट्ट तर केले होते रे. १३० वर टॉर्क पाना लावून." पाना १३० न्यूटन-मीटरला टक् करतो, पण आटे किती धरलेत हे त्याला कळत नाही.

थरथर कशाची

चकत्या उतरवून मायक्रोमीटर लावला. एकाच चकतीत एका कडेला १४.९२ आणि समोरच्या कडेला १५.११. फरक ०.१९ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण चकतीचा व्यास १६ सेंटिमीटर आणि रिमचा ४० च्या वर. तो तिरकेपणा रिमच्या कडेला पोचेपर्यंत जवळपास अर्धा मिलिमीटर होतो. शिवाय चकतीचं मधलं भोक हबपेक्षा सैल होतं. या गाडीचं चाक ७१.६ मिलिमीटरच्या भोकाने हबच्या गळ्यावर, म्हणजे मध्यावर पुढे आलेल्या गोल कडेवर बसतं. सैल चकती त्या गळ्यावर नीट बसली नाही आणि तिला स्वतःचा गळाही नव्हता, त्यामुळे चाकाला मध्यावर धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. सगळी जबाबदारी नटांवर आली.

नटांवरून आणखी एक गोष्ट लक्षात आली. चकत्यांबरोबर पाकिटात दहा नवे लांब नटही आले होते. दादांनी ते वापरले नव्हते, रंग आवडला नाही म्हणून. नशीब त्यांचं. पोर्शेच्या नटाचं बसायचं तोंड गोलाकार असतं, वाटीत चेंडू बसावा तसं. पाकिटातले नट शंकूच्या तोंडाचे होते. गोल वाटीत शंकू घातला की तो एका बारीक कडीवर टेकतो. पाना टक् करतो, पण नट खरा बसलेला नसतो.

पहिला निर्णय: आकडा बाजूला ठेवायचा

दादांचा प्रश्न तोपर्यंत एकच होता. पंधरा चुकलं, मग किती? अठरा, एकवीस? ओळखीच्या कुणाच्या गाडीला एकवीस आहेत आणि उत्तम दिसतात, असंही त्यांच्याकडे होतं.

मी म्हटलं, दादा, आधी मोजू. जाडी शेवटी.

मोजायला गवंड्याचा ओळंबा वापरला. मडगार्डच्या बाहेरच्या कडेवरून दोरी सोडायची आणि ती टायरच्या फुगलेल्या गालापासून किती लांब आहे ते पाहायचं. उजवीकडे ३१ मिलिमीटर, डावीकडे २५. आम्ही तीनदा मोजलं, कारण दोघांनाही आपलंच काही चुकतंय असं वाटलं. मेस्त्री मात्र हसला. त्या काळचे ९११ चे सांगाडे दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे क्वचितच असतात, तो म्हणाला. तरी चारही चाकांची अलाइनमेंट करून घेतली. मागचा ॲक्सल जागेवर होता. फरक पत्र्यात होता.

पण उभ्या गाडीचं माप अर्धंच असतं. गाडी खड्ड्यात बसली की चाक वर जातं, आणि मडगार्डच्या कडेचा आत दुमडलेला पत्रा टायरला भेटायला येतो. त्याच वेळी या गाडीच्या मागच्या रचनेत चाक वर जाताना त्याचा माथा थोडा आत झुकतो, त्यामुळे काही जागा परत मिळते. या दोन्हींची गोळाबेरीज कागदावर करण्यापेक्षा करून पाहणं सोपं.

मेस्त्रीने मुलांच्या खेळातली चिकणमाती आणली आणि तिची जाड वळी दुमडलेल्या कडेला आतून चिकटवली. मागच्या पिटुकल्या सीटवर बागेच्या मातीची पोती ठेवली. डावं मागचं आणि उजवं पुढचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, म्हणजे गाडी तिरकी दबते. मग बाजू बदलून तेच. चाक पूर्ण वर आलेलं असताना टायर आणि पत्रा यांच्यात उरलेली जागा डावीकडे २० मिलिमीटर आणि उजवीकडे २६ निघाली.

हा प्रयोग मूळ चाकावर, एकही चकती न लावता झाला, हे मला फार आवडलं. वीसचा आकडा हातात आल्यावर कुठलीही जाडी नुसत्या वजाबाकीने तपासता येते. एकवीस म्हणजे डावीकडे घासणार. अठरा म्हणजे दोन मिलिमीटर शिल्लक. पंधरा म्हणजे पाच.

पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तो दोन मिनिटांत बाद झाला.

दुसरा ७ मिलिमीटरच्या पातळ चकतीचा. मूळ स्टडवर चालली असती, कारण दहा फेरे उरतात. पण एवढ्या जाडीत हबचा गळा चकतीतच संपतो आणि चकतीला स्वतःचा गळा काढायला जागा उरत नाही. आणि सात मिलिमीटरने गाडीची भूक भागत नाही, हे दादांनी पत्र्यावर हात ठेवून सांगितलं.

तिसरा पर्याय हबला स्वतंत्र नटांनी आवळायच्या जाड चकत्यांचा. त्यांच्यावर चाकासाठी वेगळे स्टड असतात, जुने स्टड बदलावे लागत नाहीत. ऐकायला सोयीचं. पण त्यांचे आतले नट चकतीच्या पोटात लपले पाहिजेत, म्हणून त्या वीसेक मिलिमीटरच्या खाली मिळत नाहीत, आणि आमची डावी बाजू वीसला संपत होती. शिवाय जुन्या स्टडची टोकं चकतीच्या बाहेर येऊन चाकाच्या पाठीला लागली असती, म्हणजे ती कापणं आलं.

चौथा पर्याय मला स्वतःला सगळ्यांत आवडला होता. त्याच्यासाठी ऑफसेट समजून घ्यावा लागतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. पोर्शेच्या ६ इंची चाकाचा ऑफसेट ३६ आहे, ७ इंचीचा २३.३ आणि ८ इंचीचा १०.६. हे आकडे मी कित्येक वर्षं पाहत आलो होतो, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा बेरीज केली. अर्धी रुंदी अधिक ऑफसेट म्हणजे चाकाची आतली कड हबपासून किती आत जाते ते कळतं.

६ इंची: ७६.२ + ३६ = ११२.२
७ इंची: ८८.९ + २३.३ = ११२.२
८ इंची: १०१.६ + १०.६ = ११२.२

तिन्ही वेळा तेच. कारखान्याने आतली रेष कधी हलवलीच नाही. रुंदी वाढली ती सगळी बाहेरच्या बाजूला. चाक एक इंचाने रुंद केलं तर बाहेरची कड २५.४ ने बाहेर येते, पण चाकाचा मध्य फक्त १२.७ ने सरकतो. चकतीचं तसं नाही. ती अख्खं चाकच उचलून बाहेर ठेवते. १५ ची चकती म्हणजे बाहेरची कड १५ ने बाहेर आणि मध्यही १५ ने बाहेर. बेअरिंगला दिसतो तो मध्य. ९११ चं जवळपास साठ टक्के वजन मागे असतं. एका मागच्या चाकावर ३५० किलो धरले तर १५ मिलिमीटरने गाडी नुसती उभी असतानाच बेअरिंगवर सुमारे ५० न्यूटन-मीटरचा जादा पीळ येतो. वळणावर त्याहून जास्त.

म्हणजे बेअरिंगच्या दृष्टीने ८ इंची चाक स्वस्त आणि चकती महाग. १९७८ च्या ९११ टर्बोला मागे ८ इंची चाक आणि हाच २२५/५० टायर होता, त्यामुळे काळाला धरूनही झालं असतं. पण ८ इंचीवर टायरचा गाल माझ्या हिशोबाने १८ मिलिमीटर बाहेर येत होता. वीसमधून अठरा गेले की दोन. आणि अस्सल, न ठोकलेल्या, दुरुस्ती न झालेल्या जुन्या जोडीची किंमत ऐकून दादांनी विषय बदलला. मडगार्डची आतली कड दाबून सपाट करता येते, मग ही जागा वाढते. मूळ रंगाला हात लावायचा नाही, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पाचवा पर्याय दादांच्या मनातला. "मे महिन्यात कोल्हापूरला चाललोय. उद्यमनगरात लेथवर दोन चकत्या काढून आणतो. शंभरावा हिस्सा इकडंतिकडं होणार नाही." यात अतिशयोक्ती नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर आयुष्य काढलेले कारागीर त्या चकत्यांच्या विक्रेत्याला लाजवतील. पण इथे अडचण कारागिरीची नव्हती, कागदाची होती. चाकांचा माग, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, बदलणाऱ्या भागाला जर्मनीत प्रमाणपत्र लागतं. बसवल्यावर गाडी तपासनिसाकडे न्यावी लागते. नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच धोक्यात येतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. हाताने काढलेल्या चकतीचा धातू कोणता, ती किती भार सोसते, हे सांगणारा कागद उद्यमनगरातून कोण देणार? दादांना हे पटलं, पण रुचलं नाही.

दुसरा निर्णय: किती आणि कशी

राहिला सहावा पर्याय. स्वतःचा गळा असलेली, हबवर चपखल बसणारी, प्रमाणपत्राची चकती आणि तिच्या जाडीइतके जास्त लांब नवे स्टड. जाडी अठरा की पंधरा?

दादा अठराच्या बाजूने होते. दोन मिलिमीटर उरतात ना, मग झालं. मेस्त्रीने मान हलवली. त्याचा नियम साधा होता, पाचच्या खाली त्याच्या गॅरेजातून गाडी जात नाही. कारणंही त्याने दिली. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या जुन्या रबरी बुशा वळणात दबतात. आणि २२५/५० असं लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर रुंदीत काही मिलिमीटरचा फरक सापडतो. आजचा टायर बसला, तीन वर्षांनी घेतलेला बसेलच असं नाही.

उजवीकडे अठरा आणि डावीकडे पंधरा लावून पत्र्यातला फरक लपवावा, हाही विचार झाला. अलाइनमेंट व्यवस्थित असलेल्या ॲक्सलला पत्र्यासाठी वाकडं करायचं, हे मला मान्य नव्हतं. दादांनाही नव्हतं.

ठरलं पंधरा. अंगणात बसवला होता तोच आकडा. वस्तू वेगळी.

प्रत्यक्ष काम

जुलैमध्ये मेस्त्रीने काम घेतलं. मागचा हब काढला तर बेअरिंग बहुधा खराब होतं, म्हणून तो न काढता स्टड दाबून बाहेर काढायचा प्रयत्न केला. डावीकडचा एक हट्टी निघाला आणि शेवटी तो हब काढावाच लागला. नवीन बेअरिंगचा खर्च वाढला.

हबचा चेहरा घासून गंज आणि जुना रंग काढला. गळ्यावर ग्रीसचा पातळ हात दिला, कारण लोखंडावर ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं बसलं की ते एकमेकांना चिकटतात. टेकणाऱ्या चेहऱ्यावर मात्र ग्रीस नाही, आट्यांवरही नाही. चकती बसवून डायल गेज (फिरताना होणारी डगमग दाखवणारं काट्याचं उपकरण) लावला, काटा जवळपास हलला नाही. मूळचे गोल तोंडाचे ॲल्युमिनियमचे नटच परत वापरले. फेरे मोजले, पंधरा. १३० न्यूटन-मीटर. ऐंशी किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासले तेव्हा एक नट किंचित फिरला, बाकीचे जागेवर होते.

परिणाम

थरथर गेली. मागचा माग ३० मिलिमीटरने वाढला, ऑफसेट २३.३ वरून ८.३ वर आला. ठोकळ्यांवरची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा डावीकडे टायर पत्र्याला लागला नाही.

तपासनिसाने प्रमाणपत्र पाहिलं, नट स्वतः सोडवून फेरे मोजले, टायर मडगार्डच्या आत राहतो का हे चाकाच्या मध्याच्या पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंत बघितलं. 'एच'बद्दल थोडी चर्चा झाली. पोर्शेने त्या काळी ९११ टर्बोला कारखान्यातूनच मागे स्पेसर दिलेले होते, त्यामुळे हा बदल काळाशी विसंगत नाही, हे त्याला पटलं. नोंद झाली.

चालवताना फरक थोडा आहे. मागचा माग रुंद झाल्याने गाडी वळणात पुढून किंचित जास्त ढकलते, असं दादा म्हणतात. मला ते जाणवलं नाही, पण गाडी त्यांची आहे. पुढच्या चाकांनाही चकत्या लावून दोन्हीकडचं समान करावं का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. पुढे चाक बाहेर सरकलं की ते स्टिअरिंगच्या अक्षापासून लांब जातं आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हातात येतो. या गाडीचं स्टिअरिंग हलकं आणि बोलकं आहे. ते बिघडवण्यासारखं कारण मला दिसलं नाही.

आज पुन्हा करायचं तर

चिकणमातीची चाचणी पहिल्या दिवशी, चकत्या मागवण्याआधी. त्याला एक दुपार आणि खेळण्याच्या दुकानातला एक डबा लागतो. पहिल्या चकत्यांचे पैसे त्याहून कितीतरी जास्त होते, आणि पाच फेऱ्यांवरचे ते साठ किलोमीटर टळले असते.

८ इंची चाकाचा पर्याय मी अजून डोक्यातून काढलेला नाही. वेगळ्या गाडीवर, जिथे डाव्या बाजूला सहा मिलिमीटर जास्त मिळाले असते, तिथे मी चकतीऐवजी तोच सुचवला असता.

आणि स्टड. दोन वर्षांपूर्वी याच गाडीचं उजवं मागचं बेअरिंग बदललं होतं, याच मेस्त्रीकडे. बिलावरची तारीख आम्ही नंतर पाहिली. त्या दिवशी हब टेबलावर मोकळा पडला होता, आणि दादा शेजारी उभे राहून गाडी मागून किती उपाशी दिसते हेच सांगत होते. पाच स्टड दाबून बसवायला अर्धा तास लागला असता.